शिकविले किती, आले किती?

गेल्या दिवाळीत आमचे एक जुने विद्यार्थी आम्हांस भेटावयास घरी आले होते. येथेच, इंदूरच्या सरकारी शाळेत, टाटपट्टीवर बसून ते शिकले. आज कॅलिफोर्नियातील एका कम्युनिटी कॉलेजात हिशेबशास्त्र शिकवितात. फराळाची बशी पुढे सारीत आम्ही सहज विचारले, "काय रे, तिकडे शिकवण्याचा ताण फार असतो का?" ते हसून म्हणाले, "सर, शिकवण्याचा नाही. मुलांना काय आलं, ते दाखवण्याचा असतो."

तीस वर्षांहून अधिक काळ खडू हाती धरलेल्या आम्हांस हे उत्तर जरा लागलेच. काय शिकविले, याचा हिशेब आम्ही जन्मभर देत आलो. दैनंदिनी लिहिली, अभ्यासक्रम वेळेवर 'पूर्ण' केला, तसे दाखले सह्यांनिशी वर पाठविले. परंतु मुलाला काय आले, असे कोणी विचारले असते तर? त्या संध्याकाळी जे बोलणे झाले आणि त्यातून आम्हांस जे आठवले, ते या महिन्यात वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कम्युनिटी कॉलेज ही संस्था आपल्याकडे फारशी परिचयाची नाही. (१९९५ साली पाँडिचेरी विद्यापीठाने तसा प्रयोग केला, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगानेही योजना आखली, पण आपल्या घरांत हे नाव काही रुळले नाही.) अमेरिकेत पदवीच्या चार वर्षांपैकी पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण, आणि त्याबरोबरच परिचारिका, मोटार-दुरुस्ती, वेल्डिंग, हिशेबनिशी असे धंदेशिक्षण माफक खर्चात देणारी ही स्थानिक कॉलेजे होत. त्यांतील सर्वांत जुने सार्वजनिक कॉलेज १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे निघाले. दुसऱ्या महायुद्धानंतर अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ साली अशी कॉलेजे ठिकठिकाणी काढावीत असे सुचविले, आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झाले. आज त्यांची संख्या हजाराच्या आसपास असून एकट्या कॅलिफोर्नियात ती शंभराहून अधिक आहेत.

या कॉलेजांचा विशेष असा की, दारात गुणांची चाळणी नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाशेजारी त्याच्या आईच्या वयाची बाई बसते. दिवसा गोदामात ओझी उचलणारा तरुण रात्रीच्या वर्गास येतो. नुकताच परदेशातून आलेला मनुष्य इंग्रजीची बाराखडी गिरवितो. निवडक हुशार मुले घेणाऱ्या नामांकित महाविद्यालयाचे एक बरे असते. मुले मुळातच हुशार. ती शिकली तर श्रेय संस्थेचे, आणि संस्थेने काही शिकविले नाही तरी ती आपली आपण शिकतात. जेथे आत येताना निवड नाही, तेथे बाहेर पडताना पदरात काय पडले, हा प्रश्न टाळता येत नाही. रात्रपाळी सोडून आलेल्या माणसाची दोन वर्षे फुकट गेली, तर ती त्याला परत कोण देणार?

या प्रश्नाला नियमाचे रूप मिळाले ते असे. अमेरिकेत कॉलेजांना मान्यता देणाऱ्या मंडळांपैकी पश्चिम विभागातील कम्युनिटी कॉलेजांच्या मंडळाने २००२ साली आपल्या मानदंडांत एक अट घातली. प्रत्येक विषयात विद्यार्थ्याला शेवटी काय करता आले पाहिजे, ते कॉलेजाने आधी लेखी ठरवावे; ते आले की नाही हे पाहावे; आणि जे दिसेल त्यावरून शिकविण्यात सुधारणा करावी. आपल्याकडील कागदपत्रांत आता यालाच 'अध्ययन निष्पत्ती' म्हणतात. आमच्या मध्य प्रदेशातील हिंदी परिपत्रकांत 'सीखने के प्रतिफल' असा शब्द आहे. प्रतिफल हा शब्द आम्हांस अधिक आवडतो. त्यात पेरणीची आठवण राहते.

आता हे ठरवावयाचे कसे? आमच्या पाहुण्यांनी टिपणवहीच्या पानावर दोन वाक्ये लिहून दाखविली. पहिले : 'या अभ्यासक्रमात नफा-तोटा पत्रकाची ओळख करून दिली जाईल.' दुसरे : 'एखाद्या दुकानाच्या महिनाभराच्या पावत्या हाती दिल्या असता विद्यार्थी त्यांवरून नफा-तोटा पत्रक स्वतः तयार करील.' पहिल्या वाक्याचा कर्ता शिक्षक आहे, दुसऱ्याचा विद्यार्थी. पहिले वाक्य गुरुजी वर्गात येऊन बोलून गेले की खरे ठरते. दुसरे विद्यार्थ्याने करून दाखविल्यावाचून खरे ठरत नाही. सारे मर्म या कर्त्याच्या बदलात आहे.

व्याकरणाचे शिक्षक या नात्याने आम्हांस आणखी एक गोष्ट जाणवली. अशा वाक्यात क्रियापद निवडताना फार जपावे लागते. 'समजेल', 'जाणेल', 'आवड निर्माण होईल' ही क्रियापदे कानाला गोड लागतात, पण डोळ्यांना दिसत नाहीत. 'वर्गीकरण करील', 'तुलना करील', 'चूक शोधून दुरुस्त करील' ही दिसतात. बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली बौद्धिक उद्दिष्टांची जी उतरंड मांडली, तिच्यात नुसते आठवून सांगण्यापासून उपयोग, पृथक्करण, मूल्यमापन येथवरच्या पायऱ्या आहेत. बी.एड.ला आम्ही ती घोकली होती. घोकली, म्हणजे तिच्याच पहिल्या पायरीवर आम्ही बसून राहिलो, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानी आले नाही!

तपासण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. त्यासाठी वेगळी मोठी परीक्षा घ्यावी लागत नाही. नेहमीच्याच चाचणीतील किंवा गृहपाठातील एखादे काम निवडतात आणि त्याचा चार पायऱ्यांचा तक्ता आधी तयार करतात : कामाला हातच घालता आला नाही, मदतीने जमले, स्वतः केले पण चुका राहिल्या, स्वतः केले आणि आपली चूकही आपणच शोधली. मग तीच उत्तरपत्रिका दोन शिक्षक एकमेकांस न विचारता तपासतात. दोघांची पायरी जुळली नाही, तर विद्यार्थ्याला दोष न देता तक्त्यातील शब्द सुधारतात. नुसत्या गुणांपेक्षा यात अधिक कळते. एखाद्याला शंभरांत साठ मिळाले, एवढ्यावरून त्याला नेमके काय येत नाही ते उमगत नाही. त्या साठांत हजेरीचे किती, नीटनेटक्या वहीचे किती आणि पत्रक करता येण्याचे किती, हे सारे एकत्र कालवलेले असते. तक्त्यावरून मात्र असे दिसू शकते की, बेरजा सर्वांना येतात, पण उधारीची पावती कोठे नोंदवावी येथे अर्धा वर्ग अडतो. मग पुढच्या सत्रात तोच भाग निराळ्या रीतीने शिकवावयाचा आणि पुन्हा पाहावयाचे.

"मग यात ताण कसला?" आम्ही विचारले.

"सर, हे सगळं आमच्यासाठी म्हणून केलं, तर ताण नाही. वरच्यांना दाखवायला म्हणून केलं, की ताण सुरू."

त्यांचे म्हणणे असे की, २०१२पर्यंत ही घडी पूर्ण बसली पाहिजे, अशी मान्यता-मंडळाची अपेक्षा होती. मान्यता गेली की विद्यार्थ्यांस मिळणारे सरकारी अर्थसाहाय्य थांबते, म्हणजे कॉलेजाच्या गळ्यालाच फास. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मोठ्या सिटी कॉलेजाला २०१२ साली या मंडळाने 'मान्यता का काढू नये' अशी विचारणा केली. २०१३ साली ती काढण्याचा निर्णयही दिला. आक्षेप मुख्यतः पैशाचे व कारभाराचे होते, पण अध्ययन निष्पत्तींचे काम अपुरे आहे हाही त्यांत होता. प्रकरण न्यायालयात गेले, हजारो विद्यार्थ्यांच्या मनाला घोर लागला, आणि अखेर २०१७च्या आरंभी मान्यता पुन्हा पक्की झाली. अशा हवेत शिक्षक काय करणार? सहज गाठता येईल असे उद्दिष्ट लिहावे, सोपे काम द्यावे आणि 'ऐंशी टक्के साध्य' असा रकाना भरून मोकळे व्हावे, हा मोह कोणालाही होईल.

येथे आम्ही गप्प झालो. कारण हा मोह आम्हांस पूर्वी झालेला होता, आणि आम्ही त्यास बळी पडलो होतो.

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवी-नववीला आम्ही भाषा शिकवीत होतो. पत्रलेखन हा आमचा हातखंडा विषय. 'शुल्कमाफीसाठी प्राचार्यांस अर्ज' हे पत्र मुलांकडून इतके घोटून घेत असू की, दहापैकी नऊ गुणांखाली कोणी उतरत नसे. त्यांतलाच एक मुलगा. अक्षर मोत्यासारखे, पत्रलेखनात नेहमी पहिला. शाळा सोडून दोन वर्षे झाली असतील, एके दिवशी तो आईला घेऊन आमच्या दारी आला. वडील बंद पडलेल्या एका गिरणीत कामगार होते. ते वारले होते. भविष्य निर्वाह निधीची रक्कम मिळावी म्हणून अर्ज करावयाचा होता. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "सर, अर्ज तुम्हीच लिहून द्या. हा असला अर्ज आपल्याला शिकवला नव्हता."

आम्ही तो अर्ज लिहून दिला. त्याने शेजारी बसून आमच्या अक्षराकडे पाहिले. त्याची माऊली जाताना आम्हांस नमस्कार करून गेली, आणि तो नमस्कार घेताना आम्हांस मेल्याहून मेल्यासारखे झाले. आम्ही त्याला पत्रलेखन 'शिकविले' होते. त्याला नऊ गुण 'मिळाले' होते. आले काय होते? एक पत्र पाठ आले होते.

त्या वर्षीच्या सहामाहीत आम्ही ते ठरीव पत्र सोडून दिले. चिठ्ठ्या तयार केल्या. एकीवर : 'घरी विजेचे बिल दुप्पट आले आहे.' दुसरीवर : 'गल्लीतील नळाला चार दिवस पाणी नाही.' तिसरीवर : 'बँकेचे पासबुक हरवले आहे.' ज्याला जी चिठ्ठी येईल, त्यावर त्याने अर्ज लिहावयाचा. निम्म्याहून अधिक मुले नापास झाली. आम्हांस वाईट वाटले. पण रोग कोठे आहे ते कळले, याचे समाधानही होते. मुलांना मायना येत होता, 'विषय' लिहिता येत होता. आपली अडचण क्रमाने सांगता येत नव्हती. आता शिकवावयाचे ते हेच.

थोड्याच दिवसांत तपासणी आली. पाहुण्या अधिकाऱ्यांनी चिठ्ठ्या पाहिल्या नाहीत, अर्ज वाचले नाहीत. निकालाचा तक्ता पाहिला. गेल्या वर्षी इतका चांगला असलेला निकाल एकाएकी घसरला कसा, याचे लेखी कारण आम्हांस मागण्यात आले. आम्ही ते दिले. आणि वार्षिक परीक्षेत, सांगावयास लाज वाटते, शुल्कमाफीचा अर्ज पुन्हा प्रश्नपत्रिकेत आला. निकाल पूर्ववत झाला, सर्व मंडळी संतुष्ट झाली. आम्ही पुढे वर्गात चिठ्ठ्यांचा सराव चालू ठेवला खरा, पण परीक्षेत त्या पुन्हा घालण्याचे धैर्य गोळा करावयास आम्हांस कित्येक वर्षे लागली.

आमची ही भित्री कहाणी नवी नाही, हे पुढे वाचनात आले. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने शाळांचे अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेच्या निकालावर बेतले गेले. कवी मॅथ्यू अर्नल्ड हे स्वतः शाळा-तपासनीस होते. या पद्धतीने शिक्षण यांत्रिक होते, असे त्यांनी वारंवार बजाविले. ठरलेले पुस्तक मुले पाठ करीत आणि शिक्षक त्यालाच वाचन म्हणत. सुमारे तीस वर्षांनंतर ती पद्धत मोडीत निघाली. निकालावर अनुदान देण्याची ही रीत आपल्या मुंबई इलाख्यातही आली होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी, ही पद्धत गोरगरीब व अशिक्षित लोकांच्या गरजांना मुळीच उपयोगी नाही, असे निक्षून सांगितले. ज्या घरात शिक्षणाची गोडीच अद्याप लागलेली नाही, तेथे निकालाच्या भरवशावर शाळा काढावयास कोण धजावेल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

म्हणून अध्ययन निष्पत्ती ही कल्पनाच टाकून द्यावी काय? नाही. १९९१ साली आपल्याकडे 'किमान अध्ययन पातळी' आली. २०१७ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने पहिली ते आठवीच्या निष्पत्ती इयत्तावार प्रसिद्ध केल्या. २०२१ साली तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे व मूलभूत गणित यावे, यासाठी 'निपुण भारत' अभियान निघाले. हे सारे मुळात योग्यच आहे. आमच्या त्या विद्यार्थ्याला जर कोणी वेळीच 'तुला काय करता येते?' असे विचारले असते, तर तो आमच्या दारी उमेदवारासारखा उभा राहिला नसता. गरिबाच्या मुलाला हा प्रश्न विचारला जाणे, हा त्याचा हक्क आहे. मात्र आमच्या अनुभवाचे सार असे की, तराजूची छडी करू नये. ज्या तराजूने मार बसतो, त्यात माप खरे पडत नाही. मोजणाराच हात आखडता घेतो. कच्चेपणा उघड करणाऱ्या शिक्षकास शिक्षा झाली, तर पुढच्या वर्षी कच्चेपणा दिसणार नाही. तो असेल, पण दिसणार नाही.

वाचक म्हणतील, हे शाळा-कॉलेजांचे झाले. आमचा यात काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. होळकरांच्या काळापासून आपली मराठी घरे या माळव्यात नांदत आहेत. आमच्या मंडळाचा मुलांसाठी रविवारचा मराठी वर्ग आहे. त्याच्या वार्षिक अहवालात इतकी मुले नोंदली, इतके वर्ग झाले, इतकी प्रमाणपत्रे वाटली, असे दरवर्षी येते. त्या अहवालाखाली आमचीही सही असते. त्यात एकही वाक्य असे नाही, ज्याचा कर्ता मूल आहे. 'आमच्या नातवाला मराठी येते हो,' असे आपण पाहुण्यांना सांगतो. येते म्हणजे काय येते? आरत्या पाठ येतात? त्या शुल्कमाफीच्या अर्जासारख्या तर नव्हेत?

तेव्हा या वर्षी आम्ही मंडळापुढे एक सूचना ठेवली आहे, आणि ती घराघरांतूनही करता येईल. आपल्या मुलाला मराठीत काय करता यावे, ते चारच वाक्यांत आधी लिहावे. आमची चार अशी : पुण्या-नागपूरच्या आजीशी दहा मिनिटे फोनवर बोलून, ती काय म्हणाली ते मूल घरात सांगेल. घरातील एखादे जुने हस्तलिखित पत्र मूल वाचील आणि अडलेला शब्द विचारील. आज शाळेत काय झाले ते मूल चार-पाच ओळींत लिहील. या मासिकातील एखादी गोष्ट वाचून, ती आवडली की नाही आणि का, ते सांगेल. आज ही चारही कामे त्याला करून पाहू द्यावीत, कोठे अडते ते तारखेसह टिपून ठेवावे, आणि गुढीपाडव्याला तीच कामे पुन्हा करून पाहावीत. तुलना त्याची त्याच्याशीच. शेजारच्या मुलाशी नव्हे. मूल 'मी जेवून राहिलो आहे' असे म्हणाले, तर गुण कापू नयेत. ती या मातीची मराठी आहे, आणि बोलणारे तोंड मिटविण्यापेक्षा ती पुष्कळ बरी. प्रमाणपत्र नको, बक्षीस नको, आणि निकाल भिंतीवर तर मुळीच नको.

मंडळाच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी शंका काढली : "असे तपासले आणि फारच थोडे येते असे निघाले, तर? वर्ग बंद करा म्हणतील लोक." शंका खरी आहे. त्यांच्या आवाजात आम्हांस आमचाच जुना आवाज ऐकू आला. आम्ही एवढेच म्हणालो की, पहिली दोन वर्षे हा तक्ता अहवालात छापू नये, वर्ग घेणाऱ्या ताईंच्याच हाती राहू द्यावा; परंतु तपासावे मात्र अवश्य. फारच थोडे येते असे निघाले, तर कोठून सुरुवात करावयाची ते तरी कळेल. सूचना अद्याप विचाराधीन आहे.

आणि मोजता न येणारे पुष्कळ उरेलच. मराठी बोलताना मुलाच्या डोळ्यांत येणारी ओळख कोणत्या रकान्यात भरावयाची? ते न मोजता राहू द्यावे. पण जे मोजता येते, तेही न पाहता 'येते हो' म्हणत राहणे, यास आता आमचे मन घेत नाही. त्या गिरणी-कामगाराच्या मुलाचे ऋण आमच्यावर आहे. ते फेडावयाचे म्हणून तरी आम्ही आज कोणत्याही मुलाला 'तुला काय शिकविले?' असे न विचारता 'काय करून दाखवतोस?' असे विचारतो, आणि मग त्याच्या शेजारी बसून शांतपणे पाहतो.

आपल्या घरची चार वाक्ये कोणती, ते वाचकांनी अवश्य लिहून कळवावे. मुलाने स्वतः लिहिले, तर अधिकच आनंद होईल. अक्षर कसेही असले तरी चालेल.